माझ्या रायफलीत पर्सीचा बोल्ट

मी, विनिफ्रेड ॲग्नेस मॅकरोरी, वय वर्षे बहात्तर, राहणार गव्हाच्या कोठारामागचे पत्र्याचे घर, वारंबा, न्यू साउथ वेल्स, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. छाती तेवढी नाही. सिडनीच्या डॉक्टरने हृदयाच्या झडपेचे चित्र काढून दाखवले आणि "मिसेस मॅकरोरी, आता कागदपत्रं आवरून ठेवलेली बरी," असे मोठ्या गोडीने सांगितले. सबब हे मृत्युपत्र. ते मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या हाताने, कोणाच्याही धाकदपटशाखाली न येता लिहीत आहे. धाक घालायला या घरात कोणी उरलेलेही नाही. मांजर आहे, पण त्याला फक्त मासा हवा असतो.

यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे माझ्या नवऱ्याला, क्लॅरीला, दिले होते. एरवी कुठेही वेळेवर न पोहोचणारा माणूस, पण इथे माझ्याआधी जाऊन बसला.

या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी वकील हॉकिंग यांना नेमते. त्यांनी मला "विन, थोडक्यात लिही," असा सल्ला दिला आहे. मरणार मी आहे, तेव्हा लांबी मी ठरवीन.

घर आणि बँकेतली शिल्लक यांच्यासाठी मी एवढा कागद खराब केला नसता. खरा प्रश्न रायफलीचा आहे. माझ्याकडे सैन्यातून निकाली निघालेली जुनी थ्री-नॉट-थ्री आहे, आमच्याच लिथगोच्या कारखान्यात घडलेली. परवाना असलेला वारस मी नेमला नाही तर पोलीस ती घेऊन जातील आणि यंत्राखाली चिरडून भंगारात टाकतील. बरे, वारस नेमावा तर दुसरी अडचण. या रायफलीतला बोल्ट, म्हणजे मागेपुढे सरकवून काडतूस आत ढकलतात तो लोखंडी दांडा, माझा नाही. तो पर्सी ट्रेलोरचा आहे, आणि माझा बोल्ट पर्सीच्या रायफलीत आहे. म्हणजे जो माझी रायफल घेईल, तो माझे भांडणही घेईल. भांडण वारशाने द्यावे असे मला वाटत नाही. ते मला, मी आहे तोवर, संपलेले पाहायचे आहे.

कलम पहिले. घर, अंगणातली दोन लिंबाची झाडे आणि बँकेतले जे काही असेल ते माझी मुलगी लिनेट हिला द्यावे. लिनेट गुणी आहे, पण रायफलीचे नाव काढले की नाक मुरडते. गेल्या ख्रिसमसलाही कोंबडी कापता कापता म्हणाली, "आई, ते लोढणं पोलिसात देऊन टाक ना. मला त्याच्यामुळे झोप येत नाही."

"अगं, तू सिडनीत झोपतेस आणि ती इथे कुलपात झोपते. तुमची दोघींची भेट होते कुठे?"

लिनेटला रायफल देऊ नये. तिला माझा ओव्हनही देत आहे, कारण तो तिला आवडतो. त्यात मी कधी रायफलीचे लाकूड तापवले होते का, हे तिने विचारू नये.

कलम दुसरे. क्लॅरीचा पुतण्या डॅरिल याला माझी करवत द्यावी. कारण देते. डॅरिल रानडुकरांच्या शिकारीला जातो आणि माझ्या रायफलीवर त्याचा डोळा आहे. एकदा ती हातात घेऊन मला म्हणाला, "काकू, हे पुढचं लाकूड अर्ध्यातनं उडवू, वर दुर्बीण ठोकू, मग बघ कशी दिसते."

मी म्हटले, "तुझं नाक अर्ध्यातनं उडवू, वर दुर्बीण ठोकू, मग बघ कसा दिसतोस."

या देशात अशा किती रायफलींची लाकडे कापली गेली आणि मागाहून किती जण कपाळाला हात लावून बसले, हे डॅरिलला ठाऊक नाही. कापलेले लाकूड परत लागत नाही. करवत बोथट आहे, ती त्याने धार न लावता वापरावी.

कलम तिसरे. गावच्या संग्रहालयाला काहीही देऊ नये. तिथल्या बाई फार अदबशीर आहेत, पण त्यांना रायफल नळीत शिसे ओतून, बोल्ट डाक देऊन कायमचा बंद करून, काचेमागे ठेवायची आहे. मला माझ्या रायफलीचा पुतळा करायचा नाही. ती दर शनिवारी चालली पाहिजे.

आता ती घरात कशी आली ते सांगते. हॉकिंग म्हणतात याची गरज नाही. मला गरज वाटते.

सन एकोणीसशे अठ्ठावन्न. पर्सी आणि मी, आमचे लग्न ठरलेले होते. पलंग घ्यायला म्हणून आगगाडीने सिडनीला गेलो. स्टेशनाजवळच सैन्याच्या जुन्या मालाचे दुकान होते. दारात तंबू, बूट आणि शिरस्त्राणे, आणि आत लाकडी खोक्यांत ग्रीसमध्ये बुडवलेल्या रायफली, लोणच्यातल्या फोडींसारख्या. पर्सीने एक उचलली. मी त्याला म्हटले, "नळीतून उजेडाकडे बघ आधी. आत चकचकीत दिसतंय का? खड्डे नाहीत ना?" ते पाहायला मला माझ्या वडिलांनी शिकवले होते. पर्सीची नळी आरशासारखी होती. मग मीही एक उचलली, आणि तिची नळी त्याहून चांगली निघाली. दुकानदार हसला. म्हणाला, "पोरी, तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला विचारलंस का?"

पर्सी म्हणाला, "विचारायचं कशाला? पाठीवर तिलाच वाहायचीय." तेव्हा पर्सी असा होता. मला तो फार आवडायचा.

पलंग राहून गेला. त्या पैशांत आणि माझ्या नाचाच्या झग्यासाठी साठवलेल्या पैशांत आम्ही दोन रायफली घेऊन परत आलो, आणि चूक घरी आल्यावर झाली. ग्रीस काढायला उकळते पाणी लागते, म्हणून आईच्या कपडे उकळायच्या हंड्याखाली जाळ केला. नळ्यांवर पाणी ओतले. लाकूड उन्हात ठेवले, त्यातून ग्रीस घामासारखे पाझरत होते. आणि दोन्ही बोल्ट आम्ही एकाच टबात टाकले. दोघे एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होतो, कोण कशाकडे बघतो! दुकानदाराने बांधलेल्या चिठ्ठ्या पाण्यात विरघळल्या. बोल्टवर आणि नळीच्या मुळाशी एकच आकडा कोरलेला असतो, तो ताडून बघायचा असतो. आम्ही बघितला नाही. मी एक उचलला, त्याने एक उचलला. पुढच्या रविवारी माझे वडील चर्चमध्ये प्रवचनाला उभे राहिले तेव्हा त्यांच्या, त्याच हंड्यात उकळलेल्या, पांढऱ्या शर्टाला सैन्याच्या ग्रीसचा वास येत होता. त्यावरून घरात जे झाले ते वेगळेच.

आमच्या गावच्या नेमबाजी क्लबाची रीत नव्या माणसाला चमत्कारिक वाटेल, म्हणून लिहिते. सैन्याच्या जुन्या काडतुसांचा धूर नळीत खारट राख सोडतो. तिला उकळते पाणी पाजले नाही तर दुसऱ्या दिवशी नळी आतून गंजायला लागते. म्हणून नेमबाजी संपली की पहिली किटली नरसाळे लावून नळ्यांत ओतायची, आणि दुसरी चहाच्या भांड्यात. वारंब्यात चहा मिळतो तो रायफलींच्या नंतर. किटल्या धरायच्या बायकांनी. त्यामुळे गावातल्या प्रत्येक रायफलीची नळी आतून कशी आहे हे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त माहीत होते, पण नेम धरायला कोणी आम्हाला बोलवत नव्हते.

त्या वर्षीच्या वार्षिक सामन्याला एकजण बोट चिरडून घरी बसला. संघात माणूस कमी. कप्तान ओरडला, "अरे, कोणीतरी येऊन आडवं व्हा!" मी ॲप्रन काढून किटलीवर टाकला आणि मातीच्या उंचवट्यावर जाऊन रायफलीमागे आडवी झाले. माणसे हसली. मग हसायची थांबली. लक्ष्याखालच्या खड्ड्यातला माणूस प्रत्येक गोळीनंतर मधल्या काळ्यावर तबकडी ठेवत होता, म्हणजे गोळी नेमकी मध्यात लागली. पर्सी माझ्याआधी खेळला होता आणि चांगला खेळला होता. मी जास्त चांगली खेळले.

पर्सी आला. मला वाटले, आता हा मला उचलून घेणार. त्याने लक्ष्याकडे पाहिलेच नाही. माझ्या रायफलीवर वाकला आणि म्हणाला, "विने, या बोल्टवरचा आकडा माझा आहे. म्हणजे जिंकला तो माझा बोल्ट."

"बरं. घेऊन जा तुझा बोल्ट. आधी एवढं म्हण, की विनीनं चांगला नेम मारला."

"आधी बोल्ट."

"आधी म्हण."

सगळा क्लब ऐकत होता. त्याचे कान लाल झाले होते. त्या वेळी कोणी हसले असते तर मिटले असते, पण कोणी हसले नाही. तो बोल्ट न घेता गेला आणि लग्न त्या किटल्यांपाशीच मोडले. मी ते वर्षभर फार रडले. हा कायद्याचा कागद आहे आणि यात खरे लिहायचे असते, म्हणून लिहिले.

पुढे मला क्लॅरी मिळाला. क्लॅरीने आयुष्यात एकदाही रायफलीला हात लावला नाही, पण दर शनिवारी माझ्यासाठी किटली गरम ठेवली. मी त्याच्याबरोबर सुखात होते, हेही नोंदवावे. पर्सीने जॉयसशी लग्न केले, तीही भली बाई होती. आता क्लॅरी आणि जॉयस दोघेही नाहीत. पर्सी आणि मी मात्र अजून त्याच क्लबात आहोत आणि एकमेकांशी बोलत नाही. उंचवट्यावर आमच्या मध्ये नेहमी कोणालातरी झोपवतात. पर्सी त्या माणसाला सांगतो, "त्या बाईला सांग, वारा डावीकडून फिरलाय." मी सांगते, "त्याला सांग, मला डोळे आहेत." आणि नेम मात्र वाऱ्याप्रमाणे सरकवून घेते, कारण वाऱ्याच्या बाबतीत तो कधी चुकत नाही.

रायफलींची नोंदणी नव्याने झाली तेव्हा एक तरणा हवालदार घरी आला होता. रायफल उलटीपालटी करून म्हणाला, "मिसेस मॅकरोरी, नळीवर एक आकडा आणि बोल्टवर दुसराच."

"हो, तो पर्सीचा."

"मग तुमचा कुठाय?"

"पर्सीकडे."

"मग बदलून का घेत नाही?"

"तुझं अजून लग्न व्हायचंय ना, बाळा?"

त्याने वहीत काहीतरी लिहिले आणि केक खाऊन गेला.

कलम चौथे. वर वर्णन केलेली रायफल, तिचे कुलपाचे कपाट, साफसफाईचा गज, नरसाळे आणि माझी किटली हे सर्व मी टॅम्सिन ट्रेलोर हिला देते. होय, ट्रेलोर. पर्सीची नात, एकुलती एक. गव्हाचा ट्रक चालवते, शिव्या देण्यात मेंढ्यांची लोकर कापणाऱ्यांनाही लाजवते, पण तिचा परवाना चोख आहे आणि चिंधी तेलात किती भिजवावी हे तिला कळते. मी इस्पितळात जाण्याआधीच्या शनिवारी ती माझ्या मागे उभी होती. माझी शेवटची गोळी गेली तशी ओरडली, "च्यायला, मिसेस मॅक! काय नेम आहे तुमचा!" तिने ते आकडे बघून म्हटले नाही, की कोणी म्हण म्हटले म्हणून म्हटले नाही. मला तिथेच ठरवावेसे वाटले आणि मी ठरवले.

टॅम्सिनने पाळायच्या अटी. पाणी उकळते हवे, कोमट नको. उकळत्या पाण्याने नळी तापते आणि स्वतःच कोरडी होते, मग तेलाचा पातळ हात फिरवायचा. पुन्हा नेम धरण्याआधी ते तेल पुसून काढायचे. लाकडाला वर्षातून एकदा जवसाचे तेल, तळहाताने, हात गरम होईपर्यंत चोळायचे. पॉलिश पेपर आणि वॉर्निश यांना घरात येऊ देऊ नये. लाकडावर कोरलेल्या खुणा आणि ओरखडे माझ्याआधी कोणा सैनिकाने मिळवलेले आहेत, ते पुसण्याचा हक्क आपल्याला नाही. नळीत चिंधी कोंबून ठेवू नये, आणि ठेवताना नळीचे तोंड खाली करावे, म्हणजे तेल उतरून लाकडात मुरत नाही. बोल्ट वेगळ्या कुलपात. डॅरिलला चहा द्यावा, रायफल देऊ नये.

कलम पाचवे. माझ्या रायफलीतला बोल्ट, जो मुळात पर्सी ट्रेलोरचा आहे, तो मी पर्सीला देते. मात्र अट आहे. त्याने शनिवारी, चहाच्या वेळी, क्लबातल्या सर्वांसमोर सांगावे की अठ्ठावन्न साली विनी जिंकली ती स्वतःच्या नेमाने. हे सांगितले तर बोल्ट त्याचा आणि त्याच्याकडचा माझा बोल्ट टॅम्सिनच्या रायफलीत. बोल्ट बदलल्यावर तो नळीशी नीट बसतो का हे गोळी उडवण्याआधी जाणकाराकडून मापून घ्यावे, घाई करू नये. सांगितले नाही, तर आहे ते तसेच राहावे. माझे या कलमावरच सगळे लक्ष आहे. बाकीची कलमे हॉकिंगनी चुकवली तरी चालतील.

पुरवणी. आज सही करण्याच्या दिवशी जे घडले ते हॉकिंग यांच्या सल्ल्याविरुद्ध इथे जोडते.

सहीला दोन साक्षीदार लागतात. एक हॉकिंग स्वतः. दुसरी त्यांची कारकून बाई यायची होती, ती तापाने झोपली. गाव सगळे मेंढ्यांच्या बाजाराला गेलेले. टॅम्सिनला या कागदातून मिळायचे आहे, म्हणून तिची साक्ष चालत नाही. ती म्हणाली, "थांबा, मी आणते कोणालातरी," आणि ट्रक घेऊन गेली. परत आली ती आजोबाला घेऊन. ही पोरगी एक नंबरची चालू आहे, हे वरच्या कलमात लिहायचे राहिले.

पर्सी दारात टोपी हातात धरून उभा राहिला. या घरात तो कधी आलेला नाही. मी म्हटले, "बस." एवढ्या वर्षांत मध्ये माणूस न ठेवता त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

हॉकिंग घाईने म्हणाले, "पर्स, जरा थांब. या कागदात तुझ्या नावाचं काहीतरी आहे. साक्षीदार झालास तर तुला ते मिळायचं नाही. कायदाच आहे तसा. मी दुसरं कोणी बघतो."

"काय आहे माझ्या नावाचं?"

मी कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने चष्मा लावला आणि पाचवे कलम वाचले. पुन्हा वाचले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "चहाच्या वेळी. सगळ्यांसमोर."

"हो."

"आणि तू नसताना."

"मी नसल्यावरच मृत्युपत्र उघडतात, पर्स."

"मग ऐकणार कोण?"

इतकी कलमे लिहिली आणि हे माझ्या डोक्यात आले नाही. मी चहा ओतायला उठले, कारण बसून राहवत नव्हते.

पर्सी हॉकिंगना म्हणाला, "साक्षीदारानं काय लिहायचं असतं?"

"डोळ्यांनी पाहिलं ते. तिनं शुद्धीत सही केली, एवढंच."

"जे पाहिलं ते लिहिलं तर चालतं?"

"चालतं. पण बोल्ट गेला, पर्स. कायमचा. नीट विचार कर."

पर्सीने पेन मागितले आहे. ते मी लिहीत असल्यामुळे माझ्या हातात आहे. तो वाट बघतो आहे, चहा फिक्का आहे असे म्हणतो आहे, आणि तरीही पितो आहे. तेव्हा मी सही करते आणि पेन त्याला देते.

ठिकाण: वारंबा, न्यू साउथ वेल्स, स्वयंपाकघर.
दिनांक: १८ सप्टेंबर २००९.

सही: विनिफ्रेड ॲग्नेस मॅकरोरी

साक्षीदार पहिला: एडविन हॉकिंग, वकील. वरील सही माझ्यासमोर झाली. लांबीबद्दल मी जबाबदार नाही.

साक्षीदार दुसरा: मी तिला सही करताना पाहिले. शुद्धीत होती. हात जराही हलला नाही. अठ्ठावन्न सालच्या सामन्यात मी मागे उभा राहून बघत होतो, तेव्हाही हलला नव्हता. बोल्टचा काही संबंध नव्हता.
पर्सिव्हल ट्रेलोर